महिन्याला एक एकर

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या पैशाचा हिशेब गावात दोन प्रकारची माणसं करतात. एक पगाराला गुणणारी आणि दुसरी खर्चाला गुणणारी. एकाच माणसानं एकाच दिवशी दोन्ही गुणाकार केले, असं क्वचितच माझ्या पाहण्यात आलं. आणि मी तर नोकरीभर पोरांकडून गुणाकारच करून घेतले.

त्यात युरो पडला शंभर रुपयांच्या आसपास. त्यामुळे गुणणाऱ्यांना कष्टच उरले नाहीत, नुसती दोन शून्यं चिकटवायची. डॉलर असता तर माणूस जरा अडखळला असता, मोबाइल काढला असता, निदान मनातल्या मनात ‘हातचे किती’ म्हणाला असता. शून्यं चिकटवायला शाळेत जावं लागत नाही. ती बसस्टॉपवर उभ्या उभ्याही चिकटवता येतात.

आमचा पुतण्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. कंपनीनं त्याला जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. बायको, सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी यांच्यासकट. पगार महिना ४,५०० युरो. ही बातमी सकाळी खुटबाव स्टेशनात डेमूत चढली तेव्हा ‘साडेचार लाख’ होती. केडगावला ती सहा लाखांची झाली. कडेठाणला तिला बंगला मिळाला, पाटसला गाडी मिळाली, आणि दौंडला उतरली तेव्हा ‘खुटबावच्या एका पोराला कोटीचं पॅकेज’ अशी होऊन गर्दीत मिसळली. उलट दिशेनं यवतकडं गेलेली बातमी जरा सौम्य होती म्हणतात. तिकडं फक्त पन्नास लाख वर्षाला म्हणाले. गंमत म्हणजे हा आकडा जवळजवळ बरोबर होता, पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

जर्मनी हा शब्द आमच्याकडं तसा नवा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असं दहा हजार कुशल मनुष्यबळ तिकडं पाठवायचं, भाषा इथंच शिकवायची. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. करार झाला त्या आठवड्यात पारावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला वाटलं की आपण मूळचे इलेक्ट्रिशियनच. एकानं तर डीपीवरचा फ्यूज स्वतः घालतो हे अनुभवाच्या रकान्यात लिहू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, लिही, पण वीज मंडळाला कळू देऊ नको.

तर पुतण्यानं खर्चाचा अंदाज लॅपटॉपवर एक्सेलमध्ये मांडला आणि रविवारी ओट्यावर सगळ्यांना दाखवायला बसला. सगळे म्हणजे आबा (माझे थोरले बंधू, त्याचे वडील), वहिनी, सूनबाई, मी, आणि चहाच्या निमित्तानं आलेले दोन शेजारी, जे पगाराला गुणणाऱ्या पंथाचे होते.

आबांनी आयुष्यात रुपयाचा हिशेब थेट कधी केलेला नाही. ते आधी सगळं उसात मोडतात. पोराचं इंजिनिअरिंग म्हणजे अमुक टन, पोरीचं लग्न म्हणजे अमुक एकर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये लावली, म्हणजे टनाला ३,५५०. पण तो दर सव्वादहा टक्के उताऱ्याचा, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. आबांनी हातात पडणारे टनाला तीन हजार धरले. मग युरो शंभराचा धरून एक टन म्हणजे तीस युरो. आबांचा विनिमय दर ठरला. रिझर्व्ह बँकेला यात विचारलं गेलं नाही.

“हं, बोल आता,” आबा म्हणाले.

पुतण्या म्हणाला, “पगार पंचेचाळीसशे, पण हातात येणार बत्तीसशेच्या आसपास. पेन्शनला कापतात, आजारपणाच्या विम्याला कापतात, बेकारीच्या विम्याला कापतात, म्हातारपणी सांभाळायला माणूस लागला तर त्याला वेगळं कापतात, आणि वर इन्कमटॅक्स.”

शेजाऱ्यांचे चेहरे पडले. आबांचा पडला नाही. ते म्हणाले, “म्हंजी तोडणी-वाहतूक.”

सगळ्या गावात एकूण पगार आणि हातातला पगार यातला फरक पहिल्या झटक्यात कळलेले आबा एकटेच. बाकीच्यांना तो समजावता समजावता पुतण्याच्या तोंडाला फेस आला. ज्यानं जन्मभर साखर कारखान्याच्या बिलाची पावती वाचली आहे, त्याला जर्मनीची पगाराची चिठ्ठी अवघड जात नाही. वरचा आकडा लोकांना सांगायला असतो आणि खालचा घरात सांगायला. मधल्या रकान्यांत सोसायटीचं कर्ज असतं आणि कशाकशाच्या कपाती असतात, ज्या कुणी लावल्या हे विचारायला गेलं की साहेब जेवायला गेलेले असतात. आबांनी पुढं सगळ्या जर्मन कपातींना तोडणी-वाहतूक हेच नाव ठेवलं. मला तरी त्याहून नेमकं सुचत नाही.

“बत्तीसशे म्हंजी एकशे सात टन. दोन एकर. महिन्याला दोन एकर!” आबांनी मांडीवर थाप मारली. “आरं, आपल्या आडसालीला सोळा-अठरा महिनं पाणी पाजावं लागतं. तू तर तीस दिवसांत दोन एकर तोडणार!”

हा आबांच्या आयुष्यातला पगाराला गुणण्याचा एकमेव प्रसंग. कारण पुढच्या ओळीत भाडं होतं.

तिकडं भाडं दोन तऱ्हेनं सांगतात. एक नुसत्या जागेचं, ते थंड. आणि त्यात घर तापवायचा खर्च, पाणी, जिन्याचा दिवा, कचरा वगैरे मिळवलं की गरम. जाहिरातीत थंड भाडं ठळक असतं आणि गरम भाडं बारीक, हे मात्र आपल्यासारखंच. पुतण्यानं तीन खोल्यांचं घर बघितलं होतं, थंड तेराशे, गरम सोळाशे. स्टुटगार्ट जर्मनीतल्या महाग शहरांपैकी आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा भाड्याच्या बाबतीत बहिणी एकमेकींच्या वळणावर गेल्या तर नवल नाही.

“सोळाशे म्हंजी त्रेपन्न टन,” आबांचा आवाज खाली आला. “एक एकर.”

“महिन्याला,” वहिनी म्हणाल्या.

“महिन्याला एक एकर नुसतं राहायला?”

“शिवाय अनामत. थंड भाड्याच्या तिप्पट. कायद्यानं त्याहून जास्त घेता येत नाही, आणि तीन हप्त्यांत देता येते,” पुतण्या घाईनं म्हणाला. एकोणचाळीसशे युरो. आबांनी एकशे तीस टन तोडले आणि पाणी मागितलं.

पण खरा घाव अजून बसायचा होता. पुतण्या म्हणाला, तिथं पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय देतात. म्हणजे खोली असते, पण आत काही नसतं. ओटा, शेगडी, कपाटं आपण आणायची, नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची.

“भांडी आपली नेतातच की,” वहिनी म्हणाल्या.

“भांडी नाही आई. सिंक. नळाखालचं सिंकसुद्धा.”

वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मोरीसुद्धा आपणच न्यायची?” आणि त्यांनी आपल्या मोरीकडं असं पाहिलं, की ती आता बॅगेत कशी बसवायची याचा अंदाज घेताहेत असं मला वाटलं. जुनं स्वयंपाकघर हजार युरोला मिळेल असं पुतण्यानं धरलं होतं. तेहेतीस टन. त्या दिवसापासून वहिनींनी जर्मन लोकांबद्दलचं आपलं मत कायम केलं. गाड्या कितीही चांगल्या बनवोत, मोरी काढून नेणारी माणसं.

आबांचं मत मात्र उलट होतं, आणि त्याला कारण जुनं. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. टाटा मर्सिडीज. आबांच्या लहानपणी ऊस आणि गूळ वाहायला येणाऱ्या ट्रकच्या नाकावर ती तीन टोकांची चांदणी असायची. त्या चांदणीला हात लावायला मिळावा म्हणून ते उसाच्या मोळ्या चढवू लागायचे आणि ड्रायव्हरची शिवी खाऊन घरी यायचे. ती कंपनी स्टुटगार्टची हे पुतण्यानं सांगितल्यावर आबा म्हणाले, “मग वळखीचीच माणसं हायेत.” ओळखीच्या माणसानं मोरी काढून नेली तर त्याला नाइलाज.

यादी पुढं सरकली. रेडिओ-टीव्हीचा आकार, दर घराला महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही असो-नसो, रेडिओ असो-नसो. अर्ध्या टनाहून जास्त. इथं मला वाटलं आबा भडकतील, पण त्यांनी शांतपणे मान हलवली. आमच्या ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर आणि दिवाबत्ती कर असतो. आमच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा लागो-न लागो, दिवाबत्ती कर आजवर कधी चुकला नाही. जर्मन राज्यपद्धतीचं हे अंग आबांना घरच्यासारखं वाटलं.

विम्याच्या ओळीला ते अडले. पोरानं शेजाऱ्याची काच फोडली, कुणाच्या गाडीला सायकल घासली, तर भरपाईसाठी तिकडं जवळजवळ प्रत्येक घर विमा काढून ठेवतं. महिना पाच-सात युरो. आबा म्हणाले, “इथं पोरानं काच फोडली तर शेजारी कानफटात देतो. आपण त्याच्या पोराला कधीतरी देतो. हिशोब मिटला.” हा हप्ता बिनपैशाचा आहे खरा, पण दोन्ही शेजारी चहा पीत समोरच बसले होते आणि त्यातल्या एकाची काच अजून बसवायची होती, म्हणून विषय बदलला.

शाळा सरकारी, फी नाही. पण तीन वर्षांच्या मुलीच्या बालवाडीला त्या राज्यात पैसे पडतात. शिकायला फुकट आणि खेळायला पैसे, हा प्रकार मी चाळीस वर्षं उलटा शिकवत आलो. दुसरीकडं सरकार दर मुलामागं पैसे देतं, २०२६ पासून महिना २५९ युरो. दोन पोरांचे ५१८. “सतरा टन!” आबा पुन्हा ताजेतवाने झाले. “पोरामागं सरकार ऊस देतंय?” शेजाऱ्यांपैकी एकाला चार मुलं आहेत. त्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. चुकीच्या देशात मेहनत झाली, असा काहीसा.

प्रवासाला देशभरच्या लोकल, बस, ट्रामचा एकच महिन्याचा पास आहे. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३. दोन टन. आमच्या खुटबाव ते पुणे रेल्वे पासापुढं हे महागच, पण त्यावर तो अख्खा देश फिरू शकेल. आम्ही आमच्या पासावर अख्खा डबा फिरतो, जागा मिळत नाही म्हणून.

केस कापायला पंचवीस-तीस युरो. “एका डोक्याला एक टन,” आबा म्हणाले आणि पुतण्याच्या डोक्याकडं बघून, “वर फार पीकही नाही.” सूनबाईंनी त्याच संध्याकाळी केडगावच्या बाजारातून केस कापायचं मशीन आणलं. सगळ्या अंदाजपत्रकातला पहिला आणि बराच काळ शेवटचा खरा बचतीचा निर्णय हाच.

स्वाबी लोक, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूचे मूळ लोक, काटकसरीसाठी सगळ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत. तिथं झाडलोटीचा आठवडा असतो. इमारतीतला जिना, पायवाट, बर्फ पडला तर बर्फही, भाडेकरूंनी पाळीपाळीनं काढायचा. पाळी आली की दाराला पाटी अडकवतात. चाल पंधराव्या शतकापासूनची. हे ऐकून वहिनी प्रथमच त्या देशावर खूश झाल्या. त्यांच्या मते सूनबाईंना खुटबावात सडा टाकायला लावणं हा छळ ठरत होता. तेच काम जर्मनीत दाराला पाटी लावून होणार आणि त्याला संस्कृती म्हणणार.

बाटल्यांचा भाग मुलाला आवडला. पाण्याची, सरबताची प्लॅस्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट अनामत पडते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. आबांनी हिशेब केला, एकशेवीस बाटल्यांना एक टन ऊस. “लागवड नाही, खत नाही, बिबट्याची भीती नाही,” ते म्हणाले. “नातवाला सांग, भाव चांगला हाय.”

कांद्याची ओळ मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण आबांच्या चाळीत तेव्हा कांदा होता. तिकडं किलोला युरो-दीड युरो. केडगावच्या उपबाजारात कधीकधी कांदा विकून गोणीचं भाडंही निघत नाही. आबा म्हणाले, “मग हितूनच पाठवतो की.” मग त्यांनाच आठवलं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही, आणि उघडली तेव्हाही चाळीस टक्के शुल्क लावून. पोराला परदेशी पाठवायला कागदपत्रं लागली, पण कुणी अडवलं नाही. कांद्याला अडवलं.

इथवर अंदाजपत्रक चोख होतं. पुतण्यानं पै न् पै धरली होती, रुपयात, युरोत आणि आबांच्या कृपेनं टनांत. महिन्याला चार-पाचशे युरो शिल्लक दिसत होती आणि तिच्याकडं बघून तो खूश होता. चूक तिथं नव्हतीच. स्टुटगार्टचा खर्च सेंटापर्यंत छापलेला मिळतो. खुटबावचा कुठं छापलेला नसतो. त्याच्या एक्सेलमध्ये खुटबावला एकच ओळ होती, ‘किरकोळ’, आणि तिच्यापुढं त्यानं पन्नास युरो लिहिले होते.

मी नोकरीत असताना शाळेचा जमाखर्च लिहायचो. किरकोळ या खात्याची मला चांगली ओळख आहे. शाळेचा खडू, डस्टर आणि रंगरंगोटी मिळून जे होईल त्याहून किरकोळ नेहमी मोठं असायचं, कारण साहेबांचं जेवण त्यात असायचं.

निघायच्या आधी सत्यनारायण, कारण वहिनींनी बोलला होता. सत्यनारायणाला भावकी, कारण नाही बोलावलं तर आधीच सुरू असलेला बांधाचा वाद चुलतभाऊ कोर्टात नेईल. भावकीला बोलावल्यावर पाहुणे. पाहुण्यांना बोलावल्यावर पुतण्याच्या दोन्ही बहिणींना साड्या, मेहुण्यांना टॉवेल-टोपी, आणि थोरल्या मेहुण्याला टॉवेल-टोपी कमी पडेल असं वाटून मनगटी घड्याळ, आणि मग धाकट्यालाही. गल्लीतल्या प्रत्येक घरातून निरोपाचं जेवण मिळालं ते वेगळं, पण कोणत्याही घरी मोकळ्या हातानं जाता येत नाही.

वर्गणी हा किरकोळातला मोठा धंदा. अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी घरटी ठरलेली असते. परदेशी जाणाऱ्या घराची ती न सांगता दुप्पट झाली. यात्रेच्या समितीनं तर पावतीवर गावाचं नाव खोडून ‘स्टुटगार्ट’ लिहिलं आणि आकडा त्याला शोभेल असा टाकला. आषाढीला तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते, तिथल्या पिठलं-भाकरीत आमच्या घरचा वाटा असतो. वहिनींनी परस्पर जाहीर केलं की यंदापासून बेसन पोराच्या नावचं. क्रिकेटच्या टेनिसबॉल स्पर्धेचं दुसरं बक्षीस त्याच्या नावानं लागलं, हे त्याला बॅनरवरून कळलं. बॅनरवर त्याचा फोटो होता, मागं आयफेल टॉवर. तो पॅरिसमध्ये आहे हे मी सांगून पाहिलं. फ्लेक्सवाला म्हणाला, गुरुजी, जर्मनीचं काही दिसण्यासारखं मिळालं नाही.

शिवाय उसनवार. पगाराला गुणणारे एकेक करून येऊ लागले. कुणाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, कुणाला मुलीच्या लग्नाला, कुणाला नुसतंच ‘असू दे’ म्हणून. सगळ्यांचा युक्तिवाद एकच, तीन लाख वीस हजारांत पन्नास हजार म्हणजे काय? पुतण्या भाडं सांगायला लागला की ते मान हलवत, तुझं सगळं कळतंय पण ट्रॉलीचं काय, अशा चेहऱ्यानं ऐकून घेत. भाड्याचे एक लाख साठ हजार त्यांना कुणाच्यातरी दुसऱ्याच्या पगारातून जाणारे वाटत.

ह्या सगळ्यात बॅगा भरणं उरकलं. माणशी किती किलो हे विमान कंपनीनं ठरवलं होतं आणि बॅगेत काय हे वहिनींनी. गुऱ्हाळावरचा वजनकाटा ओट्यावर आला. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, कुरडया, पापड आणि गुळाची ढेप बसली. साजूक तूप बसलं नाही. बाहेरच्या देशांतून युरोपात सामानातून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप, खवा, पेढे, चक्का सगळं त्यातच येतं. वहिनींनी चार किलो तूप कढवून ठेवलं होतं. मग ते जायच्या आधी पोटातूनच न्यायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात घरात वरणालाही तूप, भाकरीलाही तूप आणि चहाला तेवढी सूट होती. फळांचं आणखी वेगळं. नारळ, केळी, खजूर, अननस चालतात, आंबा प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. म्हणून खुटबावातून जर्मनीला नारळ गेला. नारळ इथं पिकत नाही. तो ओटीतला होता.

आणि एक गोष्ट आबांना लागली. अनिवासी झाल्यावर भारतात घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल ती राहते, वारसानं येते ती येते, नवी खरेदी नाही. पुतण्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा आबा बराच वेळ बांधाकडं बघत बसले. “म्हंजी रान मिळत व्हतं तवा पैका नव्हता, अन् पैका येनार तवा रान घेता येनार न्हाई.” मग जरा थांबून स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, “मी मात्र निवासी हाय.” ती ओळही पुतण्यानं मुकाट्यानं किरकोळमध्ये टाकली.

मंडळी गेली. घर मिळालं, आधीच्या भाडेकरूची मोरीही मिळाली. सुरुवातीला सूनबाई खर्चाला गुणत होत्या. कोथिंबिरीची जुडी बघून त्या दुकानातून रिकाम्या हातानं परत यायच्या, कारण दीड युरो म्हणजे दीडशे रुपये आणि दीडशेची कोथिंबीर घरी आणली तर वहिनींना तोंड कसं दाखवायचं. पुढं त्यांनी गुणणं सोडलं. युरो कमवायचे, युरो खर्चायचे, आणि फोनवर सांगताना सगळं निम्मं करून सांगायचं. वहिनींना वाटतं, तिकडं कोथिंबीर स्वस्त झाली. केस कापायचं मशीन छान चालतं. व्हिडिओ कॉलवर पुतण्याचं डोकं बघून आबा दर वेळी एक टन वाचल्याचं जाहीर करतात.

चार-पाचशे युरोच्या शिल्लकीपैकी साडेतीनशे दर महिन्याला किरकोळात जातात. स्पर्धेचं दुसरं बक्षीस आता पहिलं झालं आहे.

हल्ली आबा-वहिनींनी तिकडं जाऊन यावं असं चाललं आहे. व्हिसाची फी माणशी ९० युरो. “तीन टन, अन् दोघांचं सहा. नातवंडं बघायला सहा टन,” आबा म्हणाले. त्यांचा मूळ आक्षेप वेगळा होता. रात्रपाळीच्या लायटीला उसाला पाणी कोण देणार? पण पुतण्यानं फोनवर व्हिसाच्या अटी वाचून दाखवल्या आणि त्यात निघालं, की प्रत्येक प्रवाशाचा निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो. आजारपण, दवाखाना, आणि तिकडं काही बरंवाईट झालं तर देह परत आणण्यासकट.

आबांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि ताठ बसले. “तीस हजार म्हंजी हजार टन. एका मान्साचं हजार टन! गुरुजी, ऐकताय न्हवं? जल्मात कुनी मला एवढा भाव दिला न्हाई.” ते वहिनींकडं वळले. “अन् परत आनायचा खर्च त्यांचा. म्हंजी वाहतूक त्यातच धरलीया.”

वहिनी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग तोडनी तेवढी वजा करा.”